दोघांचे आठ प्रहर: महासागरातल्या शिडाच्या होडीवरचा संसार



आजचा विषय कळल्यावर दोन-तीन जणांनी मला विचारलं, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या बाईंना एकदम शिडाची होडी कुठून आठवली? प्रश्न रास्त आहे. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचपलीकडे माझा समुद्राशी प्रत्यक्ष संबंध नाही. पण नवरा-बायकोने मिळून छोट्या होडीतून महासागर ओलांडल्याची पुस्तकं मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि ती साहसकथा म्हणून वाचत नाही. वादळं त्यात असतात, नाही असं नाही. पण महिन्याभराच्या प्रवासात खरं वादळ एखाद-दोन दिवसांचं, कित्येकदा तेवढंही नाही. उरलेले दिवस कसे जातात? कोण झोपतं, कोण जागं राहतं, चूल कोण पेटवतं, पाणी किती वापरायचं, भांडण झालं तर जायचं कुठे? मला रस आहे तो या उरलेल्या दिवसांत. माणसं एकमेकांवर विश्वास टाकतात तेव्हा नेमकं काय करतात, हा आमच्या विषयातला एक अवघड प्रश्न आहे. वर्गात आम्ही त्याला फार हवेतली उदाहरणं देतो. इथे तो प्रश्न तासांत आणि मैलांत मोजून दाखवता येतो.

आधी एक जोडपं डोळ्यासमोर ठेवू. एरिक आणि सुझन हिस्कॉक. इंग्लंडमधले. १९५२ साली त्यांनी 'वाँडरर थ्री' नावाची लाकडी होडी बांधून घेतली, लांबी साधारण तीस फूट. त्याच उन्हाळ्यात ते निघाले आणि १९५५ साली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परत आले. पुढे १९५९ ते १९६२ मध्ये त्याच होडीतून दुसऱ्यांदा तेच केलं. आज अशा प्रवासाला शेकडो जोडपी निघतात. तेव्हा ही गोष्ट फार विरळा होती, आणि पुढच्या पिढीने लांबचा शीडप्रवास कसा करायचा हे बऱ्याच अंशी एरिक हिस्कॉक यांच्या पुस्तकांवरून शिकून घेतलं. एक गोष्ट मात्र सांगून ठेवते. या एरिक यांची नजर फार अधू होती. अधू नजरेच्या माणसाबरोबर रात्रीचा पहारा वाटून घ्यायचा, म्हणजे सुझन यांनी काय पत्करलं असेल, ते पुढे आपोआप लक्षात येईल.

तीस फूट म्हणजे किती? बाहेरून तीस फूट. रुंदी साडेआठ फुटांच्या आतबाहेर, तीही फक्त मध्यभागी. दोन्ही टोकं निमुळती. त्यातून शिडं, दोर, नांगराची साखळी, पाण्याची टाकी यांची जागा वजा करा. उरतं ते आपल्या गिरगावातल्या चाळीच्या एका खोलीपेक्षा कमीच. आणि चाळीला निदान गॅलरी असते, शेजारी असतात, खाली वाण्याचं दुकान असतं. इथे त्या खोलीला जोडून एक छोटासा उघडा खड्डा असतो, त्याला कॉकपिट म्हणतात. तिथे बसून सुकाणू धरायचं. बस्स. शिवाय ही खोली चोवीस तास हलते. वारा मागून असेल तर ती दर काही सेकंदांनी या अंगावरून त्या अंगावर कलते आणि परत येते. हे तीन-चार आठवडे. नुसतं उभं राहायचं तरी एक हात कशाला तरी धरलेला लागतो. दोन्ही हात मोकळे असणं ही किती मोठी चैन आहे हे आपल्याला जमिनीवर कळतच नाही.

वेगाचाही हिशेब करू. अशी होडी ताशी पाच सागरी मैलांनी गेली तर छान चाललीय म्हणायचं. सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर, तेव्हा ताशी सुमारे सव्वानऊ किलोमीटर. रमतगमत सायकल चालवणारा माणूस तिला मागे टाकेल. पण सायकलवाला रात्री थांबतो, होडी थांबत नाही. म्हणून दिवसाला शंभर ते सव्वाशे मैल पडतात. कॅनरी बेटांपासून कॅरिबियन बेटांपर्यंत अटलांटिक ओलांडायचा तर अंतर सुमारे २७०० मैल. वारा ईशान्येकडून सतत वाहणारा, शाळेच्या भूगोलात आपण ज्यांना व्यापारी वारे म्हणायचो तो. भागा आता. साधारण पंचवीस दिवस. पॅसिफिकमध्ये गालापागोसहून मार्केसस बेटांपर्यंत जायचं तर तीन हजार मैल, म्हणजे जवळजवळ एक महिना. मध्ये काहीही नाही. आणि थांबताही येत नाही, कारण एवढ्या खोल समुद्रात नांगर तळाला पोचणारच नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. होडी रात्रंदिवस चालते आणि माणसं दोनच. म्हणजे कोणीतरी एक कायम जागं हवं. दोघांच्या होडीवर रात्री साधारणपणे तीन-तीन तासांचे पहारे लावतात. काही जण चार तासांचे लावतात, पण तीनचा रिवाज फार. हे वाचताना मला गंमत वाटली, कारण तीन तास म्हणजे बरोबर एक प्रहर. आपला 'पहारा' हा शब्द 'प्रहर' वरूनच आलेला. दिवसाचे आठ प्रहर ही आपली जुनी वाटणी, त्या होडीवर ती घड्याळाच्या काट्याने पाळली जाते. रात्री आठला एकाने बसायचं, अकराला दुसऱ्याला उठवायचं, दोनला पुन्हा पहिला, पाचला पुन्हा दुसरा. सलग आठ तास झोप ही गोष्ट महिनाभर विसरायची. पहिले तीन-चार दिवस फार वाईट जातात. समुद्र लागलेला असतो, झोप येत नाही, आणि यायला लागली की उठायची वेळ होते. मग शरीर हळूहळू नव्या तालाला जुळतं. बहुतेकांचा अनुभव असा की आठवड्याभरात तीन तासांच्या तुकड्यात गाढ झोप लागू लागते.

यातून एक चमत्कारिक गोष्ट होते. लोकांना वाटतं, नवरा-बायको एवढ्या लहान जागेत चोवीस तास एकत्र म्हणजे एकमेकांचा कंटाळा येत असेल. प्रत्यक्षात उलट तक्रार ऐकू येते. दोघं भेटतच नाहीत हो! एक जागं तेव्हा दुसरं झोपलेलं. दिवसासुद्धा रात्रीची राहिलेली झोप कोणीतरी भरून काढत असतं. बिछानाही पुष्कळदा दोघांत एकच वापरात, कारण समुद्रात होडी ज्या बाजूला कललेली असते त्या बाजूची, होडीच्या मधोमध जवळची जागाच झोपायला बरी. ती उठते, तो तिच्या उबेत शिरतो. बाजूला जाड कापडाचा पडदा बांधून घेतात, झोपेत घरंगळू नये म्हणून. पाळण्यातल्या मुलाला बांधतात तसं.

मुंडकोपनिषदात एका झाडावरच्या दोन पक्ष्यांचं रूपक आहे, ते तुम्हाला ठाऊक असेल. एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहत राहतो. एक भोगणारा आणि एक साक्षी. तिथे भूमिका ठरलेल्या आहेत. इथल्या दोन पक्ष्यांना दर तीन तासांनी जागा बदलावी लागते. रूपक फार ताणायला नको, उपनिषदातला साक्षी काही जहाजांचे दिवे शोधत बसलेला नाही. पण पहाऱ्यावरचा माणूस नेमका काय करतो ते आता पाहू, म्हणजे 'पाहणं' ही किती ठोस गोष्ट आहे ते कळेल.

कॉकपिटमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून फार तर दोन मीटर उंच. तेवढ्या उंचीवरून क्षितिज दिसतं ते जेमतेम तीन सागरी मैलांवर. मालवाहू जहाज उंच असतं, त्यामुळे त्याचे दिवे त्यापलीकडूनही दिसतात. समजा आठ मैलांवर दिसले. जहाजाचा वेग वीस, आपला पाच, दोघं समोरासमोर. ताशी पंचवीस मैलांनी आठ मैल संपायला किती वेळ? वीस मिनिटांच्या आत. म्हणून कित्येक होड्यांवर स्वयंपाकघरातलं घंटी वाजणारं घड्याळ पहाऱ्यावरच्या माणसाच्या गळ्यात अडकवलेलं असतं, वीस मिनिटांवर लावलेलं. घंटी वाजली की उठायचं, चारही दिशांना नीट पाहायचं, पुन्हा चावी द्यायची. काही जण पंधरावरच लावतात, ते शहाणे. आपली घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे घटकेपेक्षाही थोडा कमी वेळ. हल्ली जवळच्या जहाजांची जागा, दिशा आणि वेग पडद्यावर दाखवणारी यंत्रं आली आहेत. ती फार उपयोगी आहेत, पण ज्या बोटीने आपलं यंत्र बंद ठेवलंय ती त्यात दिसत नाही. डोळ्यांचं काम सुटलेलं नाही.

आणि खाली झोपलेला? त्याने काय करायचं? झोपायचं. हे त्याचं कर्तव्य आहे. मी शब्द जपून वापरते आहे. तीन तासांनी त्याला जागं राहायचंय, तेव्हा आत्ता झोपला नाही तर तो दुसऱ्याचा जीव धोक्यात घालतो. वरचा माणूस नीट पाहतोय की नाही हे तपासायला तो दर पंधरा मिनिटांनी डोकं वर काढू लागला, तर दोन दिवसांत दोघंही निकामी होतील. म्हणजे अविश्वासाची चैन तिथे परवडतच नाही.

इथे मला अॅनेट बायर या तत्त्वज्ञ बाईंची आठवण होते. १९८६ साली त्यांनी विश्वासावर एक निबंध लिहिला, तो आमच्या विषयात फार गाजला. तोपर्यंत नीतिशास्त्रात करार, वचन, कर्तव्य यांची रेलचेल होती, विश्वासाबद्दल फारसं कोणी बोलत नव्हतं. बायर यांनी एक साधा भेद दाखवला. एखाद्या गोष्टीवर भिस्त ठेवणं वेगळं आणि एखाद्यावर विश्वास टाकणं वेगळं. कांट रोज ठरल्या वेळी फिरायला निघायचे, त्यावर शेजारी आपली घड्याळं लावायचे, ही दंतकथा तुम्ही ऐकली असेल. बायर म्हणतात, एके दिवशी कांट आलेच नाहीत तर शेजाऱ्यांची निराशा होईल, पण कांटनी आपला विश्वासघात केला असं काही ते म्हणणार नाहीत. भिस्त मोडली की निराशा होते, विश्वास मोडला की घात होतो.

आता हा भेद होडीवर आणा. होडीच्या मागच्या टोकाला एक उपकरण बसवलेलं असतं. वाऱ्यावर फिरणारं एक पातं, आणि ते सुकाणूला जोडलेलं. वाऱ्याशी ठरलेला कोन राखून होडी आपोआप चालत राहते. हिस्कॉक पहिल्यांदा निघाले तेव्हा हे नव्हतं. ते मागच्या वाऱ्यावर पुढे दोन जुळी शिडं पसरून होडी स्वतःची स्वतः चालेल अशी व्यवस्था करत. १९६० नंतर वाऱ्यावर चालणाऱ्या या उपकरणाचा प्रसार झाला आणि दोन माणसांच्या संसारात जणू तिसरं बिनपगारी माणूस आलं. पुष्कळ जोडपी त्याला नाव ठेवतात, त्याच्याशी बोलतात. पण ते मोडलं तर चिडतात, त्याने दगा दिला असं मनापासून कोणी मानत नाही. त्याच्यावर असते ती भिस्त. वर पहाऱ्यावर बसलेल्या बायकोला डुलकी लागली आणि जहाज अगदी अंगावरून गेलं, तर मात्र खाली झोपलेल्या माणसाच्या मनात जे होईल ते निराळंच. ते दुरुस्त करायला पाना-पेचकस कामाला येत नाही.

बायर यांनी आणखी एक म्हटलंय, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. विश्वास टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या हातात आपलं नुकसान करण्याची ताकद देणं. झोपलेल्या माणसाने ती दिलेली आहे हे उघड दिसतं. पण वरच्या माणसानेही दिलेली असते, हे लक्षात यायला मला वेळ लागला. कारण त्या होडीवरचं सर्वांत मोठं भय जहाजाच्या धडकेचं नाही, वादळाचंही नाही. वर एकटा असलेला माणूस पाण्यात पडण्याचं आहे. हिशेब बघा. पाच नॉटच्या वेगाने होडी मिनिटाला दीडशे मीटर पुढे जाते. लाटांमध्ये माणसाचं डोकं दीडशे मीटरवरून दिसणं मुश्कील. आणि खालचा माणूस झोपेत. त्याला जाग येईल प्रहर संपल्यावर, कोणी उठवायला का आलं नाही म्हणून. तोवर होडी पंधरा मैल पुढे गेलेली असू शकते, शिस्तीत, कारण तिसरा गडी तिला चालवतोच आहे. तो वर येतो आणि कॉकपिट रिकामं.

म्हणून जवळजवळ प्रत्येक जोडप्याचा एक नियम असतो. एकट्याने कॉकपिट सोडून पुढे डोलकाठीकडे जायचं नाही. जायची गरज पडली तर दुसऱ्याला उठवायचं, मग त्याला झोपून दहाच मिनिटं झालेली का असेनात. आणि अंगावरच्या पट्ट्याला दोरी लावून ती होडीला अडकवलेली हवी. ऐकायला सोपं आहे. पण रात्री दीडची वेळ, वारा वाढलाय, शीड थोडं कमी करायला हवं, काम पाच मिनिटांचं, आणि खाली तिला किती दिवसांनी गाढ झोप लागलीय ते तुम्हाला दिसतंय. उठवू का नको? इथे माया आणि शहाणपण यांची ओढाताण होते. तिची झोप मोडू नये म्हणून तो एकटाच पुढे जातो, हे दिसायला प्रेम आहे. माझ्या मते ते प्रेमातलं बेजबाबदार वागणं आहे. तिने जागं होऊन रिकामं कॉकपिट पाहावं ही शक्यता तो तिच्या वतीने परस्पर स्वीकारतो, तिला न विचारता.

हे भय काल्पनिक नाही. माइल्स आणि बेरिल स्मीटन हे दुसरं जोडपं. माइल्स पूर्वी इंग्रजांच्या हिंदुस्थानी फौजेत अधिकारी होते. त्यांची 'त्झू हँग' ही होडी मोठी, ४६ फुटांची. १४ फेब्रुवारी १९५७. दक्षिण पॅसिफिकमधून ते केप हॉर्नच्या दिशेने चालले होते, सोबत जॉन गझवेल हे एक मित्र. बेरिल सुकाणूवर, माइल्स खाली बिछान्यावर. मागून एक राक्षसी लाट आली आणि होडी शेपटाकडून उचलली जाऊन अक्षरशः कोलांटी खाऊन पडली. माइल्स वर आले तेव्हा दोन्ही डोलकाठ्या गेलेल्या, छपराचा भाग उखडून मोठं भगदाड पडलेलं, आत पाणी, आणि कॉकपिट रिकामं. बेरिल यांची दोरी तुटली होती. त्या लांब पाण्यात दिसल्या, जखमी. पण शुद्धीवर होत्या आणि पोहत होत्या. त्यांना वर घेतलं. मग बादल्यांनी पाणी उपसणं सुरू झालं, आणि जखमी बेरिलसुद्धा उपसायला लागल्या. मोडक्या सामानातून शीड उभं करून ते चिलीच्या किनाऱ्याला पोचले. त्याच वर्षाच्या शेवटी पुन्हा निघाले, पुन्हा होडी उलटली! तरी पुढे १९६८-६९ च्या प्रवासात त्यांनी केप हॉर्न ओलांडलंच. यातला हट्ट मला पटत नाही, कौतुक मात्र वाटतं.

असो. वादळाबद्दल बोलणार नाही म्हटलं होतं. स्वयंपाकघरात जाऊ.

शेगडी दोन खिळींवर टांगलेली असते, होडी कलली तरी ती पाळण्यासारखी झुलून सपाट राहते. भांडी घसरू नयेत म्हणून भोवती पट्ट्या. स्वयंपाक करणारं माणूस स्वतःला एका पट्ट्याने ओट्याशी बांधून घेतं, म्हणजे हात मोकळे राहतात. प्रेशर कुकर फार लोकप्रिय, इंधन वाचतं म्हणून तर आहेच, पण झाकण पक्कं बसतं, उकळतं पाणी अंगावर येत नाही म्हणून जास्त. पहिल्या आठवड्यात ताजी भाजी, फळं. मग कोबी, बटाटे, कांदे, लिंबं. टोमॅटो हिरवे घ्यायचे आणि एकेक पिकेल तसा वापरायचा. फ्रीजमध्ये कधी न ठेवलेली, न धुतलेली अंडी घेऊन त्यांना व्हॅसलीन चोळलं की बाहेर कित्येक आठवडे टिकतात. व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात सकाळी डेकवर उडते मासे येऊन पडलेले असतात. आपल्या कोकणातल्या माणसाला ही गोष्ट सांगितली तर तो उद्याच निघेल.

पाण्याचं मात्र कडक. पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी दोन-सव्वादोन लिटर. आपल्याकडे शहरातल्या माणसाला रोज १३५ लिटर पाणी लागतं असं नियोजनात धरतात. तेवढ्यात ही दोन माणसं महिना काढतात. भांडी समुद्राच्या पाण्याने, आंघोळही त्यानेच, शेवटी एखादा मग गोडं पाणी. पावसाची सर आली की दोघंही साबण घेऊन वर धावतात. खाऱ्या पाण्यात भिजलेले कपडे कधी पुरते वाळत नाहीत. पावसाळ्यात आपल्या मिठाच्या बरणीचं जे होतं तेच त्या कपड्यांचं होतं, मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं.

या पुस्तकांत 'मी' हा बहुधा नवऱ्याचा असतो. शिडं, वारा, अक्षांश यांची पानंच्या पानं, आणि महिनाभर दिवसातून तीनदा हलत्या खोलीत जेवण कसं शिजलं याच्या चार ओळी. म्हणून मला लिन पार्डी यांचं पुस्तक आवडतं. लिन आणि लॅरी पार्डी, होडी 'सेराफिन', चोवीस फुटांच्या किंचित वर, लॅरींनी स्वतः बांधलेली. तिला इंजिन नव्हतंच. जपानहून कॅनडाला उत्तर पॅसिफिक ओलांडताना लिन यांनी रोज काय शिजवलं, काय टिकलं, काय सडलं, त्या दिवशी कोणाचा मूड कसा होता याची दिवसवार नोंद ठेवली आणि तिचं पुस्तक केलं. त्यात ध्यानात येतं की जेवण हा दिवसातला एकमेव ठरलेला वेळ, जेव्हा दोघंही जागे आणि समोरासमोर असतात. बाहेर जेवण बिघडलं तर आपण 'चालतं' म्हणतो. तिथे चालत नाही. त्या अर्ध्या तासावर बरंच काही टांगलेलं असतं.

ॲरिस्टॉटलने मैत्रीबद्दल बोलताना एका जुन्या म्हणीचा दाखला दिलाय: पुरेसं मीठ एकत्र खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागतात. या होडीवर मीठ पुरेसं आहे, आणि जागायचं म्हणजे शब्दशः जागायचं आहे.

दुसरा भेटीचा वेळ भर दुपारचा. सूर्य डोक्यावर सर्वांत उंच येतो त्या क्षणी सेक्स्टंटने त्याची उंची मोजायची, त्यावरून अक्षांश निघतो. रेखांशासाठी अचूक घड्याळ लागतं. विषुववृत्ताजवळ घड्याळात चार सेकंदांची चूक म्हणजे नकाशावर एक मैलाची चूक. हिस्कॉकांच्या काळात रेडिओवरचे वेळेचे ठोके ऐकून घड्याळ तपासत. आता उपग्रहावरून जागा क्षणात कळते, पण दुपारी बारा वाजता नकाशावर फुली मारायचा रिवाज पुष्कळांनी सोडलेला नाही. कालची फुली, आजची फुली. एवढ्या मोठ्या निळ्या कागदावर बोटाच्या पेराएवढं अंतर. पश्चिमेकडे चाललेल्या होडीवर दुपारसुद्धा रोज सुमारे आठ मिनिटं उशिरा होते, आणि आठवड्याभराने घड्याळ तासभर मागे घ्यावं लागतं. तो जादा तास कोणाच्या पहाऱ्यात घालायचा यावरून हुज्जत होऊ शकते. म्हणून शहाणी जोडपी तो दिवसा घालतात.

फुली मारून झाली की डागडुजी. दोर कप्पीवर घासतो, शीड तारेवर घासतं. सतत हलणाऱ्या होडीत प्रत्येक गोष्ट दुसऱ्या गोष्टीला झिजवत असते, महिन्यात लाखो वेळा. रोज एक फेरी मारून कुठे काय झिजलं ते बघायचं, दोर चार बोटं सरकवायचा, शिडाला ठिगळ लावायचं. ऑटो नॉयरात या तत्त्वज्ञाने ज्ञानाची तुलना भर समुद्रातल्या जहाजाशी केली होती. गोदीत न नेता, चालू स्थितीतच एकेक फळी बदलायची. ज्ञानाबद्दल ते कितपत खरं यावर वाद आहेत. संसाराबद्दल मात्र कोणी वाद घालेल असं वाटत नाही.

आणि भांडणं? होतात ना. घरात दार आपटून बाहेर जाता येतं, माहेरी जाता येतं, निदान कोपऱ्यावर चहा प्यायला जाता येतं. इथे तीस फूट. पण त्याहून मोठी अडचण अशी की अबोला धरता येत नाही. पहारा सोपवताना बोलावंच लागतं: वारा कुठून, होकायंत्रावर दिशा काय, डाव्या हाताला एक दिवा दिसतोय तो दूर जातोय की जवळ येतोय. यातला एक शब्द रागाने गिळला तर दोघांचाही जीव जाऊ शकतो. म्हणजे मनात काहीही असो, दर तीन तासांनी एकमेकांना खरं आणि पुरतं सांगायचं. मग भांडण बहुधा आपणच शिळं होतं. नाहीतर बंदर येईपर्यंत थांबतं. बंदरात पोचल्यावर कायमची वेगळी झालेली जोडपीही आहेत, त्यांनी तोवर पहारे मात्र चोख दिले.

मॉरिस आणि मॅरिलिन बेली यांची होडी मार्च १९७३ मध्ये गालापागोसच्या वाटेवर व्हेलच्या धडकेने बुडाली आणि ते एका तराफ्यावर आणि छोट्या रबरी होडीत ११७ दिवस तरंगत राहिले. शेवटी एका कोरियन मासेमारी बोटीने त्यांना उचललं. मॉरिसनी बाहेरच्या जगाची लुडबूड नको म्हणून संदेश पाठवणारा रेडिओ मुद्दाम घेतला नव्हता. स्वातंत्र्याची ही व्याख्या मी विद्यार्थ्यांना फार सावधपणे देते. सांगायचं ते निराळं. त्या तराफ्यात मॅरिलिन यांनी सेफ्टीपिनांचे गळ केले, कागदाचे पत्ते केले, आणि दोघं बोलत काय होते? पुढची होडी कशी बांधायची आणि तिच्यावर काय-काय जेवायचं. आणि ती पुढची होडी त्यांनी नंतर खरंच बांधली.

आपल्याकडचंही सांगते, कारण हे सगळं गोऱ्या लोकांचं असं वाटायला नको. गोव्यातल्या अॅक्वेरियस या कारखान्यात बांधलेल्या 'म्हादेई' वरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. तिथेच बांधलेल्या 'तारिणी' या ५६ फुटी नौकेवरून नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना आणि लेफ्टनंट कमांडर रूपा या दोघींनी २ ऑक्टोबर २०२४ ला गोवा सोडलं आणि २९ मे २०२५ ला त्या परत आल्या. त्या जोडपं नाहीत, सहकारी आहेत. पण दोन माणसं आणि आठ प्रहर हे गणित तेच, आणि त्यांच्या वाटेवर केप हॉर्न होतं.

शेवटी जमीन. लोकांना वाटतं, जमीन दिसली की सुटलो. खरं तर शेवटचे दोन दिवस सगळ्यांत सावध राहायचे. खोल समुद्रात आपटायला काही नव्हतं, आता खडक आहेत, मच्छीमारांची जाळी आहेत, बिनदिव्याच्या होड्या आहेत. किनारा रात्री दिसला तर शहाणा माणूस शिडं उतरवून उजाडेपर्यंत बाहेरच थांबतो. महिनाभर वाट पाहिलेली जमीन चार मैलांवर, तिचा ओल्या मातीचा वास येतोय, आणि तरी थांबायचं. मग सकाळी आत शिरून नांगर टाकतात. होडी महिन्यात पहिल्यांदा थांबते. सरकारी कागदपत्रं होतात, कोणीतरी किनाऱ्यावरून ताजा पाव आणून देतं. आणि संध्याकाळी, अजून अंधारही पडलेला नसताना, दोघंही एकाच वेळी झोपतात. पुष्कळांनी लिहून ठेवलंय की त्या रात्री अकराच्या सुमाराला दोघांपैकी एकाला दचकून जाग येते आणि तो वर जाऊन चारही दिशांना बघून येतो.

प्रश्न असतील तर आता घेऊ.